रिमोटचे हेलिकॉप्टर : कोणते घ्यावे आणि हात कसा बसवावा



काल याच व्यासपीठावरून एका विद्वान वक्त्यांनी उपनिषदांवर विवेचन केले, आणि आज हा गृहस्थ खेळण्यातल्या हेलिकॉप्टरवर बोलायला उभा राहिला आहे, हे पाहून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला इथून दिसते आहे. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. परंतु गेल्या काही वर्षांत मला रस्त्यात थांबवून जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला गेला तो असा : "मुलाला रिमोटचे हेलिकॉप्टर घ्यायचे आहे, कोणते घेऊ?" आणि अनुभव असा आहे की विचारणाराला ते बहुधा स्वतःसाठीच हवे असते, मुलाला केवळ पुढे केलेले असते. तेव्हा मुलाचे निमित्त बाजूला ठेवून आपण सरळ मोठ्या माणसांसारखे या प्रश्नाकडे पाहू.

आरंभी माझ्या फजितीची हकीकत सांगतो, कारण विषयाचे सगळे मर्म तीत आले आहे. माझी पहिली खरेदी होती ती सव्वातीनशे मिलिमीटर लांबीच्या पात्यांच्या, चांगल्या थोराड यंत्राची. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोठे घ्या, मोठे वाऱ्यात स्थिर राहते, शिकायला सोपे." वाक्यातला पहिला भाग खरा होता. एका रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर मी ते ठेवले. भाचा शेजारी उभा. यंत्र उठले, डावीकडे कलले, मी घाबरून उजवीकडे दांडी लोटली ती जास्त झाली, आणि पुढच्या क्षणी पाती जमिनीला लागून फुटली. सगळे मिळून आठ-दहा सेकंद. पात्याचा एक तुकडा वीस पावलांवर उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटमध्ये रुतून बसला. भाचा त्या स्कूटरच्या या बाजूला उभा होता, त्या बाजूला नव्हता, एवढेच माझे नशीब. घरी मी पैसे वाया गेल्याचे सांगितले. स्कूटरचे पुष्कळ दिवस सांगितले नाही.

हे असे का होते? विमान आणि हेलिकॉप्टर यांच्या स्वभावातच भेद आहे. चांगल्या घडणीचे विमान नीट लावून दिले आणि हात काढून घेतला, तरी काही काळ ते आपल्या वाटेने जात राहते. हेलिकॉप्टरचे तसे नाही. उपड्या परातीच्या टोकावर गोटी ठेवावी तसे ते अधांतरी उभे असते; जरा कलले की कललेल्या दिशेने सरकू लागते, सरकले की वेग घेते. गोटी घसरू लागण्याच्या आत बोटाने तिला सावरायचे, आणि सावरण्याचा जोर किंचित जास्त झाला की दुसऱ्या बाजूने सावरायचे, हा उद्योग क्षणाक्षणाला चालतो. सायकलचा तोल जसा कोणी समजावून सांगू शकत नाही, अंगालाच तो उमगतो, तसेच हे. फरक एवढाच की सायकलवर आपण स्वतः बसलेले असतो, आणि येथे तोल दुसऱ्याचा, सांभाळायचा मात्र आपण.

या तोलाचा प्रश्न मोठ्या हेलिकॉप्टरांनाही सुटलेला नव्हता, आणि तो सोडवण्यात खेळण्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत आर्थर यंग नावाच्या गृहस्थांनी १९२८ पासून सुमारे बारा-तेरा वर्षे लहान लहान प्रतिकृती करून त्यांवर प्रयोग केले. पेनसिल्व्हेनियातील पाओली गावी एका धान्याच्या कोठारात त्यांचे काम चाले. मुख्य पात्यांशी काटकोनात, दोन्ही टोकांना वजने लावलेली एक दांडी बसवली आणि ती पात्यांच्या कोनाशी जोडली, तर यंत्र कलू लागले तरी ती फिरती दांडी आपली पातळी सहसा सोडत नाही व पात्यांना सावरते, हे त्यांना या प्रतिकृतींवरून सापडले. १९४१ साली विजेच्या मोटरवर चालणारी, जमिनीवरून हाताळता येणारी आपली प्रतिकृती त्यांनी बेल कंपनीला उडवून दाखवली. तिच्यातूनच पुढे 'बेल ४७' निर्माण झाले, आणि ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळवणारे ते अमेरिकेतील पहिले हेलिकॉप्टर ठरले. नात्याने पाहिले तर येथे खेळणे थोरले आहे. रेडिओने चालणारे छोटे हेलिकॉप्टर मात्र हौशी लोकांच्या हाती यायला आणखी वेळ लागला. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते साधले, आणि पुढील दशकात त्यांचे संच विकत मिळू लागले.

आज बाजारात जी यंत्रे मिळतात त्यांकडे आता वळू. नावे आणि आकडे दरसाल बदलतात, म्हणून नावापेक्षा जात ओळखावी हे बरे. जात ओळखण्याची खूण म्हणजे चॅनेल. चॅनेल म्हणजे आपण यंत्राला स्वतंत्रपणे देऊ शकतो अशी एक आज्ञा. वर-खाली ही एक, नाक डावी-उजवीकडे वळवणे ही दुसरी, पुढे-मागे जाणे ही तिसरी, आणि नाक न वळवता आडवे डावी-उजवीकडे सरकणे ही चौथी.

पहिली जात एकावर एक दोन पंख्यांची. हे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. पंखा एका दिशेने फिरला की यंत्राचे धड उलट दिशेला फिरू पाहते; दोन उलट पंख्यांत हे दोन जोर परस्परांना मारतात. डोक्यावर यंग यांच्या दांडीची नात म्हणावी अशी वजनदार काडी असते. २०१० च्या आगेमागे 'सायमा एस १०७' हे असे यंत्र जगभर घरोघर गेले. धातूची चौकट, तीन चॅनेल, आणि टीव्हीच्या रिमोटसारख्या अदृश्य प्रकाशावर चालणारे नियंत्रण, त्यामुळे उन्हात ते ऐकेनासे होते. बंद दिवाणखान्यात ते दहा मिनिटांत कोणालाही उडवता येते. नातवाला, आजोबांना, पाहुण्यांना घ्यावयाचे असेल तर अवश्य घ्या. पण ते आडवे सरकत नाही, म्हणजे चौथी आज्ञा त्याला ठाऊकच नाही, आणि तोल ते स्वतः सांभाळते. महिनाभरात तुम्हाला त्याचा कंटाळा येईल, आणि तुमचा हात पहिल्या दिवशी होता तिथेच असेल.

दुसरी जात अलीकडची. एकच पंखा, शेपटीला छोटा पंखा, चार चॅनेल. शिवाय हवेचा दाब मोजून उंची राखणारे यंत्र आत बसवलेले, काहींत खालची जमीन पाहून जागा धरून ठेवणारा कॅमेराही. दांडी सोडून द्या, चहाचा घोट घ्या, ते तिथेच उभे. दिसायलाही हुबेहूब खऱ्यासारखी मिळतात. सायंकाळी मन रमवायला याच्यासारखे दुसरे नाही, हे मी मनापासून सांगतो. मात्र उंची राखण्याची चूक तुम्ही करता आणि ते ती झाकते. आपण चूक केली हे तुम्हाला कळतच नाही.

तिसरी जात, आणि माझ्या मते निव्वळ हौस व हात तयार करणे या दोन्ही इच्छा ज्याच्या मनात आहेत त्याने घ्यावी अशी, म्हणजे साधी, हलकी, चार चॅनेलची, पात्यांचा कोन कायम असलेली. 'व्ही ९११' आणि तिच्या कुळातली यंत्रे या जातीची. पंखा साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमहूनही कमी. वर-खाली होते ते पंख्याचा वेग वाढवून-घटवून. शेपटी सरळ ठेवायला आत जायरो नावाचे उपकरण असते, पण उंची तुमची तुम्ही राखायची. घेताना एक पाहावे : उंची आपोआप राखण्याची सोय असेल तर ती बंद करता आली पाहिजे. हे यंत्र भिंतीवर आपटते, कपाटाखाली जाते, आणि उचलून ठेवले की पुन्हा उडते, कारण इतक्या हलक्या वस्तूच्या अंगी मोडून घेण्याइतका जोरच नसतो. आपटणे सोसणारे पण चूक न झाकणारे यंत्र शिकणाऱ्याला हवे असते, आणि ते याच जातीत मिळते.

चौथी जात खऱ्या हेलिकॉप्टरच्या अगदी जवळची. हिच्यात पंखा जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतो आणि पात्यांचा कोन बदलून यंत्र वर-खाली केले जाते. पंख्याच्या दांड्यावर बसवलेली 'स्वॉश प्लेट' नावाची चकती वर सरकली की सर्व पात्यांचा कोन वाढतो, आणि ती एका बाजूला कलली की फेऱ्याच्या त्या त्या ठिकाणी पाते आपला कोन कमीजास्त करीत जाते. पंख्याचा वेग बदलण्यात जो उशीर होतो तो येथे नाही, म्हणून वाऱ्यातही यंत्र तत्काळ ऐकते. कोन उलटा करून पाठीवरही उडते. मोटर बंद पडली तर पडता पडता हवेच्या जोरावर पंखा फिरता ठेवून अलगद उतरवता येते. वर्णन ऐकून मोह होतो, माझाही झाला होता. पण गणित ऐका. माझ्या त्या पहिल्या यंत्राच्या पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.२ मीटर. मिनिटाला २५०० फेरे धरले तर पात्याचे टोक मिनिटाला ५५०० मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर वेगाने धावत असते. आणि पाते असते काचतंतूचे किंवा कार्बनतंतूचे. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात असेच मोठे हेलिकॉप्टर उडवताना एक १९ वर्षांचा तरुण त्याच्याच पात्याने जागच्या जागी मरण पावला. तो नवशिका नव्हता, चांगला सरावलेला होता. या जातीच्या मोठ्या यंत्राला खेळणे म्हणणे मी त्या दिवसापासून सोडले.

तेव्हा चौथीकडे जायचे ते तिसरी हातात बसल्यावर, आणि तेही लहान आकारातल्या यंत्राने. 'एक्सके के ११०' किंवा 'ब्लेड २३० एस' यांसारख्या काही यंत्रांत एक कळ असते. ती एका बाजूला असताना यंत्र दांडी सोडताच स्वतःला सपाट करून घेते, दुसऱ्या बाजूला लोटली की सगळा कारभार तुमच्याकडे. ही सोय शिकणाऱ्याला फार उपकारक आहे. त्याआधी संगणकावर सराव करावा. 'रिअलफ्लाइट', 'हेली-एक्स' अशा कार्यक्रमांना आपला खराखुरा रिमोट जोडता येतो. संगणकावर मी एका संध्याकाळी चाळीस वेळा आपटलो. हिशेब केला तर तेवढ्यात माझे घर विकावे लागले असते.

आता हात बसवायचा कसा ते सांगतो. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण यंत्र एकदाच घ्यायचे असते, सराव रोजचा आहे.

प्रथम रिमोटच्या दांड्या पाहा. 'मोड दोन' नावाच्या मांडणीत वर-खाली व नाक वळवणे डाव्या दांडीवर, आणि पुढे-मागे व आडवे सरकणे उजव्या दांडीवर असते. 'मोड एक' मध्ये वर-खाली उजव्या दांडीवर आणि पुढे-मागे डाव्या दांडीवर जाते. जपानात ही रीत रुळलेली आहे. दोन्हींत अधिक-उणे काही नाही. परंतु एकदा बोटांना एक सवय लागली की दुसरी जन्मभर परकी वाटते, म्हणून आपल्या गावात जो कोणी आपल्याला शिकवणार असेल त्याची मांडणी कोणती, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे.

नवशिका भीतीने यंत्र घोट्याएवढ्याच उंचीवर ठेवू पाहतो. हीच जागा सर्वांत वाईट. पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत येते आणि तिच्या उशीवर यंत्र डगमगत राहते. धीर करून कमरेइतके वर न्या, तिथे ते अधिक शहाण्यासारखे वागते. दुसरे असे की एका पंख्याचे यंत्र स्थिर उभे असताना किंचित एका अंगाला कललेले दिसते. शेपटीचा पंखा त्याला बाजूला ढकलीत असतो, ते ढकलणे भरून काढायला मुख्य पंखा थोडा कलावा लागतो. कित्येकजण हा दोष समजून यंत्र दुकानात परत नेतात. तो दोष नव्हे.

पहिले आठ-दहा दिवस यंत्राची शेपटी आपल्याकडे ठेवून, एका चटईच्या वर ते उभे ठेवण्याचाच अभ्यास करावा. फेऱ्या मारण्याची घाई नको. दांडी लोटून धरायची नसते, टिचकी मारल्यासारखी हलवून परत मध्यावर आणायची असते. यंत्र सरकले की एक टिचकी उलट, आणि ते थांबण्याआधीच एक बारीक टिचकी परत. ही दुसरी टिचकी ज्या दिवशी न ठरवता पडेल त्या दिवशी शिक्षण सुरू झाले असे समजा. मग नाक थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, मग पुरते आडवे.

आणि मग येतो तो घाट, ज्यात बहुतेकांची गाडी अडते : यंत्राचे नाक आपल्याकडे. आरशात पाहून दाढी करताना सवय नसेल तर हात चुकतो, तशी गत होते. यंत्र आपल्या डावीकडे जाते आहे, ते परत आणायला आपण उजवीकडे दांडी लोटतो, पण ती त्याची उजवी, आपली डावी. ते अधिकच जोराने पळते. येथे विचार करून उत्तर काढायला वेळ नसतो. जुन्या लोकांनी यावर एक युक्ती शोधली आहे : नाक आपल्याकडे असताना यंत्राची जी बाजू खाली गेली असेल, त्याच बाजूला दांडी न्या, जणू पडत्या बाजूखाली आधाराला टेकू देत आहात. 'डावी कोणाची, उजवी कोणाची' ही भानगडच उरत नाही. मला या घाटाला चार महिने लागले. माझ्या पुतणीला, ती तेव्हा तेरा वर्षांची होती, पंधरा दिवस पुरले. तिने युक्तीही वापरली नाही.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आता हे आपटणारच असे दिसले की वाचवण्याची धडपड सोडून पंखा बंद करायचा. फिरते पाते अडले की दाते झिजतात, मोटर जळते. थांबलेले पाते नुसते आपटते. मोठ्या यंत्रांत यासाठी स्वतंत्र कळ असते, तिच्यावर बोट सदैव राहू द्यावे.

यंत्र घेण्यापूर्वी त्याचे सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी करावी, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकजण ते विसरतात. मुख्य पाती, मधला दांडा, दातेरी चाक आणि शेपटीची मोटर, एवढी चार तरी मिळालीच पाहिजेत. लहान यंत्रांत शेपटीची मोटर सर्वांत आधी जाते. जे यंत्र स्वस्तात मिळाले पण ज्याचे पाते मिळत नाही, ते पहिल्या दिवसापुरतेच तुमचे.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण लक्षपूर्वक ऐका. या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांचा एक घट ३.७ व्होल्टचा म्हणून ओळखला जातो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ ला येतो, आणि पुष्कळ दिवस ठेवायचा तर ३.८ च्या आसपास ठेवावा. संपेपर्यंत पिळून काढू नये. फुगलेली बॅटरी मोह न धरता टाकून द्यावी, तीही घरच्या कचऱ्यात नव्हे, ई-कचऱ्यात. चार्जिंगला लावून झोपी जाणे किंवा बाहेर जाणे वर्ज्य. उन्हात उभ्या मोटारीत ती विसरणेही तितकेच वाईट. ती पेटली तर साधी पेटत नाही.

आता जागा. गच्ची नको, कठड्यापलीकडे गेलेले यंत्र खाली कोणाच्या डोक्यावर उतरेल हे सांगता येत नाही, आणि ते पाहायला धावलेला माणूस तर त्याहून वाईट. या वैशाखाच्या दिवसांत दुपारनंतर वारा घुमतो, तो हलक्या यंत्राला पालापाचोळ्यासारखा नेतो. सकाळी सहा ते साडेसातची वेळ उत्तम. माणसे, कुत्री आणि विजेच्या तारा यांपासून दूर जावे. कायद्याकडेही पाहावे लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यान 'नॅनो' वर्गात येते आणि ते चालवायला चालकाचा परवाना लागत नाही. परंतु परवाना नको म्हणजे कोठेही उडवा असे नव्हे. देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत वाटलेले आहे. विमानतळ व लष्करी ठाणी यांच्या भोवतीची मर्यादा कडक आहे, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज काहीही उडवता येत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे हवाई दलाचा तळ आणि विमानतळ एकच आहे, तिथे सरकारने प्रसिद्ध केलेला नकाशा पाहिल्यावाचून मोकळ्या मैदानात यंत्र काढू नये. पोलिसांचे तात्पुरते मनाई हुकूमही असतात. दिवाणखान्याला मात्र यातले काहीच लागू नाही, हा तिसऱ्या जातीच्या यंत्राचा आणखी एक फायदा.

येथे येताना दाराशी एका गृहस्थांनी मला विचारले की साठी उलटल्यावर हात बसतो का. मी स्वतः हे वय पन्नास उलटून गेल्यावर सुरू केले. माझ्या पुतणीच्या हाताची चपळाई मला येणार नाही, हे मी केव्हाच मान्य केले आहे. पण रोज एक बॅटरी, म्हणजे जेमतेम सहा-सात मिनिटे, एवढा नेम मी पाळतो. आज सकाळीही तो झाला. नाक माझ्याकडे ठेवून दोन फेऱ्या नीट मारल्या, तिसरीत यंत्र अंगणातल्या गुलमोहरात जाऊन बसले, आणि ते काढायला शेजाऱ्यांचा बांबू आणावा लागला. पाती शाबूत आहेत.